भिंतीपलीकडची मिरी

माझ्या सासूला स्वप्नं पडायची आणि त्या स्वप्नांवर कोल्हापुरातला एक शहाणासुरता व्यापारी मिरीची खरेदी-विक्री करायचा. हे कुणाला सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग हळूच विचारतात, "अजून पडतात का हो?" मला दोन्हीचा राग येतो.

मी मूळची हुपरीची. आमच्या घरात चांदीचे पैंजण व्हायचे. चांदी उजळायच्या तेजाबाचा वास घेतच मी लहानाची मोठी झाले, त्यामुळे वास म्हणजे डोळ्यांतून पाणी काढणारी गोष्ट एवढीच माझी समजूत होती. सत्त्याण्णव साली लग्न होऊन मंगळवार पेठेत आले आणि पहिल्याच सकाळी अंथरुणात बसून शिंकत सुटले. नवी सून शिंकतेय म्हणून सासूला काळजी वाटेल म्हटलं, तर ती स्टोव्हपाशी बसून हसत होती.

"हुईल सवय," ती म्हणाली. "पलीकडं मिरी हाय."

आमचं घर दोन खोल्यांचं. मागच्या खोलीची भिंत आणि सयाजीरावांच्या गोदामाची भिंत एकच. सयाजीरावांचं मसाल्याच्या ठोक मालाचं दुकान लक्ष्मीपुरीत, पण मिरीची पोती इथं आमच्या मागं. सासूला आमच्याकडं आत्या म्हणतात. आत्याची कॉट त्या भिंतीला लावलेली होती. दुपारी गोदामाचे पत्रे तापले की वास भिंतीतून झिरपत यायचा. आधी जुन्या लाकडासारखा, मग गोडसर, आणि आपण बेसावध झालो की घशात एक बारीक चटका. त्या वासात दुपारी पडलं की माणूस झोपायचा नाही, विरघळायचा. मी सुद्धा. पण मला स्वप्नं पडायची ती हुपरीच्या एसटीची, आणि तीही चुकलेली.

आत्याचं तसं नव्हतं. माझे सासरे आकाराम हे सयाजीरावांच्या वडिलांच्या ट्रकवर ड्रायव्हर होते. कोचीहून मिरी भरून आणायचे. घरी आले की अंगातला शर्ट आत्या धुवायलाच टाकायची नाही, दाराच्या खिळ्याला अडकवून ठेवायची. एकोणनव्वद साली अंकोल्याच्या घाटात ट्रक दरीत गेला. बुद्धभूषण, म्हणजे माझा नवरा, तेव्हा नववीत होता. सयाजीरावांच्या वडिलांनी या दोन खोल्या आत्याच्या नावावर करून दिल्या आणि नंतर तेही वारले. खिळ्यावरचा शर्ट किती वर्षं तिथं होता कोण जाणे. मी आले तेव्हा नुसता खिळा होता.

सासरे आत्याच्या स्वप्नात यायचे. कोचीच्या किनाऱ्यावर चटयांवर मिरी वाळत घातलेली, लांबवर काळीच काळी जमीन, तिच्यापलीकडं समुद्र आणि समुद्रात जहाज. सासरे ट्रकच्या पायरीवर बसलेले. अंगात तोच शर्ट. आत्याकडं बघून हसायचे, बोलायचे काहीच नाहीत. ती तिथं उभी राहून त्यांच्याकडं बघत राहायची. बस, एवढंच. आत्यानं उभ्या जन्मात पाणी बघितलेलं ते रंकाळ्याचं, नाहीतर पुरातल्या पंचगंगेचं. तरी ती सांगायची की तिथल्या वाऱ्यानं ओठ खारट होतात. सकाळी चहा टाकताना ती मला हे सगळं सांगायची आणि सांगताना स्टोव्ह बारीक करायची, आवाजात स्वप्न बुडू नये म्हणून.

आता यात भाव कुठून शिरला? तर सयाजीरावांच्या डोक्यातून.

माझं लग्न व्हायच्या आधीची गोष्ट, आत्यानंच सांगितलेली. एकदा ते गोदाम उघडायला आले होते. आत्या दारात तांदूळ निवडत होती. सहज म्हणाली, "काल लई मोठं जहाज बघितलं बगा मालक. पोती भरून निघालं." सयाजीराव हसून गेले. त्याच आठवड्यात मिरी चढली. दुसऱ्यांदा असंच झालं. तिसऱ्यांदा ते स्वतःच येऊन विचारू लागले. मग त्यांनी त्याचं शास्त्र बसवलं. जहाज भरून निघालं म्हणजे निर्यात जोरात, भाव चढणार, माल धरायचा. जहाज नुसतं उभं असलं तर थांबायचं. जहाज दिसलंच नाही तर विकायचं. व्यापारी माणूस, कोचीला रोज फोन लावणारा, पेपरातले बाजारभाव पेन्सिलीनं अधोरेखित करणारा, न्यूयॉर्कात काय चाललंय आणि ब्राझीलमध्ये पीक कसं आहे हे घडाघडा सांगणारा. पण एवढं सगळं झालं की आमच्या दारात येऊन विचारणार, "मावशी, काल काय?"

मी तरी सांगते, त्या वर्षांत पेठेतल्या कुठल्याही गाढवाला विचारलं असतं तरी चाललं असतं. पस्तीस रुपये किलोची मिरी पाऊणशेवर गेली, दीडशेवर गेली. सारं जग जणू मिरी खायलाच बसलं होतं. चढत्या बाजारात सगळेच ज्योतिषी. पण सयाजीरावांनी मान दिला तो चिमणाबाईला, म्हणजे आमच्या आत्याला.

आणि मान म्हणजे खराच. सयाजीरावांच्या आईनं आमच्या घरात कधी पाण्याचा घोटही घेतला नव्हता. का, ते पेठेत कुणी कुणाला सांगायची गरज नव्हती. सयाजीराव मात्र यायचे, बाबासाहेबांच्या फोटोखालच्या खुर्चीत बसायचे आणि चहा बशीत ओतून फुर्रकन प्यायचे. आत्याला त्या फुर्रकन आवाजाचं भारी कौतुक. म्हणायची, "आकाराम असता तर त्याला पटलं नसतं."

बुद्धभूषणला पटत नव्हतं ते वेगळ्या कारणानं. तो बँकेत होता आणि रोखठोक होता. "बावीस प्रतिज्ञा घेतल्यात आपण," तो म्हणायचा. "आणि माझी आई गल्लीत भविष्य सांगतीया. लोकांनी काय म्हणायचं?"

"मी कुठं भविष्य सांगतो?" आत्या म्हणायची. "मी माझा नवरा सांगतो. त्यात मालकाला भविष्य दिसतंय, तर मालकाला सांग की."

यावर बँकेतला माणूस डबा उचलून बँकेत जायचा.

माझ्या लग्नानंतरच्या दिवाळीला भाव असा काही चढला की सयाजीरावांनी सगळी मिरी विकून टाकली. गोदाम रिकामं झालं. भिंत गप्प झाली. आणि आत्या बिघडली. माझ्या भाकरीला पापुद्रा येत नाही, माझा आवाज मोठा आहे, हुपरीच्या पोरींना झाडलोट येत नाही, असं सुरू झालं. मी दोन दिवस ऐकून घेतलं, तिसऱ्या दिवशी भांडले. भांडता भांडता ती मध्येच थांबली आणि भिंतीकडं बघून म्हणाली, "येईना झालाय गं त्यो." मला तिचा राग आला होता, तो कुठं गेला कळलंच नाही.

बुद्धभूषणनं घरगुती उपाय केला. पावशेर मिरीची पुडी आणून आईच्या उशाखाली ठेवली. आत्या सकाळपर्यंत खोकत होती. "मूठभर मिरीनं ठसका लागतोय," तिनं पुडी मला दिली, "माणूस येत न्हाई." त्या मिरीत आमची वर्षाची चटणी झाली.

शिमग्याच्या आधी नवा माल आला. हमालांनी पोती लावली, भिंत पुन्हा श्वास घ्यायला लागली, आणि दुसऱ्याच दिवशी आत्या स्टोव्ह बारीक करून बसली होती.

"आत्या," मी म्हणाले, "मामंजी पोत्यातनं येत्यात."

"मला ठावं न्हाई व्हय?"

"मग सयाजीरावांना सांगा की. जहाजाचा न् भावाचा काय संबंध न्हाई म्हणून."

तिनं चहा गाळला, माझ्यापुढं सरकवला. "त्याला भाव पायजे, मला माणूस पायजे. चाललंय की दोघांचं. तू कशाला मधी?"

नव्याण्णव संपत आलं तेव्हा मिरी दोनशेच्या वर होती. आत्याला स्वप्न पडलं: जहाज काठोकाठ भरलं आणि भोंगा देऊन निघालं. तिला दुसरं काय पडणार, गोदामात माल होताच. पण सयाजीरावांनी ऐकलं आणि गोदाम पत्र्याला टेकेपर्यंत भरलं. आमच्या खोलीत तेव्हा इतका वास होता की पाहुणे दारातच डोळे पुसायचे. आत्याला रोज सासरे दिसायचे. ती दिवसाही थोडी तिकडंच असायची. भाजी चिरताना हात थांबायचा, ओठांवरून जीभ फिरायची, आणि मला कळायचं की वारा सुटलाय.

मग भाव पडायला लागला.

आधी दीडशे, मग सव्वाशे. सयाजीराव रोज यायचे. एकदा पेपर घेऊन आले आणि बुद्धभूषणपुढं आपटला. "व्हिएतनाम म्हणं. काल-परवापर्यंत नाव नव्हतं ह्यांचं मिरीत. आता आपल्यापरीस जास्त माल भायेर काढत्यात. आपली निर्यात झोपली. अमेरिकेवाला म्हणतो, तिकडची निम्म्यात मिळती, तुमची कशाला घिऊ?"

"कुठशी आलं ते?" आत्यानं विचारलं. बुद्धभूषणनं शाळेतला जुना नकाशा काढून दाखवला आणि मास्तरकीच्या सुरात म्हणाला की तिथं बुद्धाला मानणारे लोक पुष्कळ आहेत.

"मग आपलीच मानसं की," आत्या म्हणाली. "लढाईत लई सोसलं म्हणत्यात त्यांनी. त्यांच्या रानात दोन दाणं पिकलं तर वाईट काय?"

सयाजीरावांनी कपाळाला हात लावला. "मावशी, तुमच्या पावण्यांनी मला बुडवलं." आणि मग तेच हसले. ते हसणं मला आवडलं. बुडणारा माणूस हसतो तेव्हा तो वाईट नसतो, असं माझं मत आहे.

पण माल त्यांनी सोडला नाही. स्वप्नात जहाज दिसत होतं ना. सासरे पायरीवर बसून हसत होते, जहाज भरत होतं, आणि इकडं भाव शंभराच्या खाली गेला. लक्ष्मीपुरीतल्या शहाण्यांनी केव्हाच हात झटकले होते. सयाजीरावांची बायको शिवानी एकदा आमच्या दारात आली, चप्पल न काढता बाहेरच उभी राहून मला म्हणाली, "तुमच्या सासूबाईंना सांगा, दुसरं कायतरी बघा म्हणावं स्वप्नात." मला तिची चीड आली. रात्री पडल्या पडल्या मात्र वाटलं, तिचं तरी काय चुकलं.

दोन हजार एकचा पावसाळा सरताना सयाजीराव म्हणाले की आता आणखी माल घेणार. गेल्या काही वर्षांत भाव एवढा खाली कधी गेला नव्हता. आता घेतला की आधीच्या महाग मालाचा भार हलका होईल, आणि भाव उसळला की सगळं निघेल. त्यासाठी लक्ष्मीपुरीतलं दुकान विकायला काढायचं ठरत होतं. "उद्या सकाळी येतो मावशी," ते म्हणाले. "शेवटचं विचारतो. जहाज दिसलं तर दुकान दिलं म्हणून समजा."

सकाळी मी उठले तेव्हा आत्या माझ्या आधी उठून बसली होती. स्टोव्ह पेटवलेलाच नव्हता. तिचा चेहरा मी तसा कधी बघितला नव्हता, आणि पुढंही नाही. लग्न ठरलेल्या पोरीसारखा होता. पन्नाशीची बाई ती.

"बोलला," ती म्हणाली.

"कोण?"

"एवढ्या वर्सात पयल्यांदा बोलला. पायरीवरनं उठला, माझ्याजवळ आला. म्हणाला, ह्या खेपंला तू बी चल. उद्या जहाज निघतंय." तिनं पदरानं तोंड पुसलं. "मी म्हटलं, पोराला सांगून येतो. तर म्हणाला, ये सांगून. मी थांबतो."

गेलेल्या माणसानं स्वप्नात बोलावलं तर जाऊ नये, हे हुपरीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण तिच्या चेहऱ्याकडं बघून मला तसं म्हणवेना. तिला भीती वाटत नव्हती. तिला फक्त दिवस लवकर मावळायला हवा होता.

दहाच्या सुमाराला सयाजीराव आले. दाढी वाढलेली. खुर्चीत बसले. मी चहा दिला, त्यांनी बशीत ओतला, आणि इतका ओतत राहिले की चहा बशीतून पँटवर सांडला. त्यांना ते कळलंही नाही. फुर्रकन आवाज आला नाही. बशी तशीच हातात धरून ते आत्याकडं बघत राहिले.

मी दारातच उभी होते. आता ही काय सांगणार, एवढंच माझ्या डोक्यात. खरं सांगितलं तर जहाज आहे, भरलेलं आहे, निघतंय. खरं सांगितलं तर पोती राहतात, आणखी येतात, आणि रात्री सासरे पायरीजवळ उभे असतात. तिला खोटं बोलायची गरजच नव्हती. नुसतं खरं बोलायचं होतं.

आत्यानं त्या काठोकाठ भरलेल्या बशीकडं बघितलं. मग भिंतीकडं बघितलं. मग म्हणाली, "सयाजी."

आजवर तिनं त्यांना मालक सोडून दुसरी हाक मारली नव्हती.

"सयाजी, जहाज बुडालं रं."

ते खुर्चीतच पुढं सरकले.

"माझ्या डोळ्यांदेखत बुडालं. पोती पाण्यावर आली, फुटली. समदं पाणी काळं. तुझा आकारामकाका काठावर हुता. म्हणाला, सयाजीला सांग, गोदाम मोकळं कर. एक दाणा ठिऊ नको. दुकानाला हात लावू नको."

"काका बोलला?" सयाजीरावांनी विचारलं. "कधी बोलत न्हाई म्हणत हुता तुम्ही."

"आज बोलला," आत्या म्हणाली. तेवढं मात्र खरं होतं.

सयाजीरावांनी बशी खाली ठेवली आणि तोंड हातात धरून रडले. रडून झाल्यावर उठले ते सरळ फोन करायला गेले.

दुपारी हमाल आले. दाराबाहेर टेम्पो लागला. गोदामातून पोतं ओढल्याचा आवाज यायचा, मग पाठीवर घेतल्याचा, मग पावलांचा. आत्या कॉटवर भिंतीला पाठ टेकून बसली होती. मी तिच्या शेजारी बसले. तिचा हात धरला. तिनं तो काढून घेतला आणि तळवा भिंतीवर ठेवला. एकेक पोतं जाईल तसं ती डोळे मिटायची. संध्याकाळपर्यंत पलीकडं झाडूचा आवाज आला आणि तोही थांबला.

"आज रात्री येतील की," मी म्हणाले. "वास हाय अजून."

"पोती नेताना त्यानं बघितलं असंल," आत्या म्हणाली. "गेला असंल जहाजावर."

सासरे त्या रात्री आले नाहीत. पुढं वास दिवाळीपर्यंत रेंगाळला, पण ते काही परत आले नाहीत. सयाजीरावांनी गोदाम प्लास्टिकच्या खुर्च्या विकणाऱ्याला भाड्यानं दिलं. प्लास्टिकला कसला वास आणि त्यातून कोण येणार? आत्या बिघडली मात्र नाही. भाकरीवरून बोलली नाही, आवाजावरून बोलली नाही. मला वाटायचं, हिनं भांडावं.

मिरी पडतच गेली. ऐंशी, सत्तर, मग साठ-पासष्टवर येऊन चार वर्षं लोळली. ज्यांनी धरून ठेवली ते गेले. सयाजीरावांना फटका बसला, पण दुकान राहिलं, घर राहिलं, त्यांच्या मुलीचं, मोनाचं, कॉलेज राहिलं. शिवानी आमच्याकडं आली ती चप्पल काढून, आणि आत्याच्या पाया पडली. सयाजीराव गावभर सांगत सुटले. चिमणामावशीला जहाज बुडालेलं दिसलं आणि मी वाचलो. मग काय विचारता. शिरोळचे बागायतदार साखरेचा भाव विचारायला यायचे. कुणी गुळाचा विचारायचं, कुणी सोन्याचा. "मला सपनं पडत न्हाईत," आत्या सांगायची. लोकांना वाटायचं, बाई मोठी आहे, म्हणून असं बोलते. बुद्धभूषणनं शेवटी पाटी रंगवून आणली, 'येथे स्वप्ने सांगितली जात नाहीत', आणि दाराला ठोकली. ती वाचून आणखी लोक आले.

बाईनं इतकी वर्षं खरी स्वप्नं सांगितली, त्यासाठी कुणी तिच्या पाया पडलं नाही. एक रचून सांगितलं, त्यावर देवी झाली. मला हे सहन व्हायचं नाही. मी गप्प बसायची, कारण आत्याची तशी ताकीद होती.

पण गप्प बसणं हा काही माझा गुण नव्हे. दोन हजार सहा साली मिरी पुन्हा हलली. साठाची शंभरावर गेली. सयाजीराव जयसिंगपूरच्या एका व्यापाऱ्याला घेऊन आले. आत्या आमच्या पोरीला, मैत्रीला, शाळेतून आणायला गेली होती. सयाजीराव बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून त्या पाहुण्याला तीच कथा सांगायला लागले. जहाज कसं बुडालं, पाणी कसं काळं झालं. ते रंगात आले होते. मी भाजी चिरत होते. विळी बाजूला सारली.

"काय बुडालं न्हवतं," मी म्हणाले.

आणि सगळं सांगितलं. भिंत, वास, शर्ट, पायरी. तू बी चल म्हणाले ते. कशावर पाणी सोडून ती खोटं बोलली ते. मी ओरडत होते, हे मला पाहुणा उठून बाहेर गेला तेव्हा कळलं. सयाजीराव उठले नाहीत. त्यांनी मागच्या खोलीकडं, त्या भिंतीकडं बघितलं. मग म्हणाले, "वहिनी, मावशींना सांगू नका मला कळलं म्हणून." आणि चहा न पिता गेले.

आठवड्याभरानं प्लास्टिकच्या खुर्च्या हलल्या. टेम्पो आला. पोतं ओढल्याचा आवाज आला, पाठीवरून उतरवल्याचा आला, भिंतीला टेकवल्याचा आला. आत्या मैत्रीची वेणी घालत होती. हात थांबला. मैत्री शिंकली.

"सयाजीनं परत मिरी घेतली व्हय?" तिनं विचारलं. "मला न विचारता?"

"घेतली असंल. भाव चढतोय म्हणत्यात."

ती माझ्याकडं बघत राहिली. मी विळीकडं बघत राहिले. तिनं वेणी पुरी केली, रिबीन बांधली, आणि संध्याकाळी मला कॉटचं एक टोक धरायला लावलं. भिंतीला गोदरेजचं कपाट लावलं होतं, ते हलवून कॉट पुन्हा जुन्या जागी गेली.

मला त्या रात्री झोप लागली नाही. मामंजींनी एकदा बोलावलं होतं. जहाज निघतंय म्हणाले होते. आता पुन्हा बोलावलं आणि ती गेली तर? सयाजीरावांवर ओरडणारी मीच. पहाटे पहाटे डोळा लागला आणि उठले तेव्हा उजाडलं होतं. मागच्या खोलीत आवाज नव्हता.

मग स्टोव्हचा भुस्स आवाज आला. गॅस येऊन दोन वर्षं झाली होती, पण आत्या तिचा चहा स्टोव्हवरच करायची. मी गेले तर तिनं स्टोव्ह बारीक केला.

"आलते?" मी विचारलं.

ती मान हलवत राहिली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती.

"केस पांढरं झाल्यात गं त्याचं," ती म्हणाली. "मला वाटायचं मीच तेवढी म्हातारी झाली."

मी खाली बसले.

"चटया न्हाईत, ट्रक न्हाई. नुसता काठावर बसलाय. मी म्हटलं, जहाज? तर म्हणाला, ते कवाच गेलं. तू सांगून येतो म्हणाली हुतीस, म्हणून मी थांबलो."

तिनं चहा गाळला, माझ्यापुढं सरकवला. आम्ही दोघी प्यायलो. भिंतीतून वास येत होता.

दहाच्या सुमाराला सयाजीराव दारात आले. आत आले नाहीत. उंबऱ्याबाहेरूनच, मान खाली घालून, पूर्वीसारखं विचारायचं म्हणून विचारलं, "मावशी, काल काय?"

"काल माझं मी बघितलं," आत्या म्हणाली. "भावाचं तू तुझ्या पेपरात बघ. आत ये, च्या झालाय."